सर्जनबाईंचा प्रोजेक्टर

मित्रांनो, खोलीत अंधार केल्याशिवाय ज्याला तोंड उघडता येत नाही, असा मी एक जुना स्लाइड प्रोजेक्टर आहे. सध्या माझा मुक्काम एका मोठ्या रुग्णालयाच्या अडगळीच्या खोलीत, अगदी वरच्या फळीवर आहे. माझ्या एका बाजूला वजनकाटा आहे. कुणी जवळून गेले तरी त्याचा काटा थरथरतो. दुसऱ्या बाजूला टाइपरायटर आहे. त्याला स्वतःबद्दल बोलायची भारी हौस, म्हणून आज आधी मीच बोलून घेतो.

माझे अंग राखाडी पत्र्याचे. पोटात एक प्रखर दिवा, त्याच्यामागे आरसा, पुढे भिंगे, आणि दिवा जळून जाऊ नये म्हणून सतत घरघरणारा पंखा. डोक्यावर एक गोल ट्रे बसतो. ट्रेच्या खाचांमध्ये छोट्या चौकटीतली छायाचित्रे, म्हणजे स्लाइड्स, डोके खाली आणि पाय वर अशा ठेवाव्या लागतात. तरच त्या पडद्यावर सुलट दिसतात. घाईत कुणी एखादी सुलट ठेवली की पडद्यावर सगळे जग शीर्षासन करते, सभागृहात हशा पिकतो आणि बोल मात्र मला लागतो. मी तापट आहे असेही म्हणतात. तासभर पेटता दिवा पोटात घेऊन बसलात तर तुम्हीही तापाल.

कारखान्यातून मी थेट या रुग्णालयाच्या शस्त्रक्रिया विभागात आलो. सुरुवातीला मी कुणा एकाचा नव्हतो. ज्याला व्याख्यान द्यायचे असेल तो मला उचलून नेई आणि काम झाले की वायर कशीही गुंडाळून परत आणून आदळे. मग विभागात एक नव्या सर्जनबाई आल्या. बुटक्या, बोलायला तुटक, चालायला झपझप. त्यांनी पहिल्याच दिवशी माझी भिंगे मऊ कापडाने पुसली आणि वायर नीट वेटोळे करून बांधली. त्या दिवसापासून मी त्यांचा झालो. सगळे त्यांना बाई म्हणत, म्हणून मीही बाईच म्हणतो.

बाईंचे काम होते मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकाचे. मित्रांनो, नाक मुरडू नका. जे काम रोज सकाळी निमूटपणे उरकते, त्याची किंमत ते बिघडल्यावरच कळते. या टोकाला कधी कधी कर्करोगाची गाठ होते. ती काढताना तिच्याखालचे चार बोटे निरोगी आतडेही कापून टाकायचे, असा तेव्हा नियम होता. गाठ फार खाली असली तर चार बोटे कापल्यावर जोडायला काही उरतच नसे. मग शौचाची नेहमीची वाट कायमची बंद करत, पोटावर एक छिद्र करत आणि तिथे पिशवी लावत. माणूस वाचे, पण जन्मभर पिशवी त्याच्यासोबत राही.

विभागाचे प्रमुख होते थोरले सर. बाईंना त्यांनीच शिकवले होते. चार बोटांचा नियम सांगताना ते स्वतःचा हात टेबलावर पसरत आणि म्हणत, "एवढं. यात तडजोड नाही." बाईंना त्या चार बोटांविषयी शंका होती. हा नियम कुणी मोजून केला, असे त्या विचारत, आणि ते कुणालाच सांगता येत नसे.

म्हणून त्यांनी स्वतः मोजायला घेतले. शस्त्रक्रियेत काढलेला आतड्याचा तुकडा त्या एका फळीवर टाचण्यांनी ताणून बसवत, शेजारी पट्टी ठेवून त्याचे छायाचित्र घेत, मग त्याचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघत. आजार गाठीच्या खाली किती सरकला आहे, एवढाच त्यांचा प्रश्न. वर्षानुवर्षे हे चालले. माझ्या ट्रेमध्ये तीच फळी, तीच पट्टी आणि नवा तुकडा, अशा स्लाइड्सची भर पडत गेली. खरे सांगायचे तर मला त्यांचा कंटाळा आला होता. पण बाईंना त्यात जे दिसायचे होते ते दिसले. बहुतेक माणसांमध्ये आजार खाली फारसा सरकत नाही, आणि अंगठ्याच्या नखाएवढे आतडे कापले तरी पुरते. म्हणजे कितीतरी जणांची आतडी जोडता येणार होती आणि पिशवी टळणार होती.

हे त्यांनी पहिल्यांदा भर सभेत सांगितले तेव्हा मागच्या रांगेतले एक जाडजूड सर्जन मोठ्याने म्हणाले, "बाईंची नखं वाढलेली दिसतायत." सभागृह हसले. बाईंच्या हातून बटण चुकून दाबले गेले आणि माझी एक स्लाइड उगाचच पुढे सरकली. तेवढ्यात थोरले सर उठून उभे राहिले.

"हसून झालं असेल तर मागची स्लाइड पुन्हा बघू," ते म्हणाले. "चार बोटं मीच हिला शिकवली. आता ती विसरायची वेळ माझ्यावर आलेली दिसते."

त्या दिवसापासून माझे आणि बाईंचे दिवस पालटले. लोकरी अस्तराच्या पेटीत बसून मी देशोदेशी फिरलो. बाई मला सामानात टाकत नसत, मांडीवर घेऊन बसत. परक्या शहरांतले सर्जन त्यांची शस्त्रक्रिया बघायला आमच्या रुग्णालयात येऊन राहू लागले. नखांवरून टोमणा मारणारे ते जाडजूड गृहस्थही एकदा गुपचूप येऊन स्लाइड्सच्या नकला मागून घेऊन गेले. दुसऱ्यांच्या शोधनिबंधांत बाईंचा हवाला नाही असे क्वचितच घडे. ज्यांनी बाईंना कधी पाहिलेही नव्हते, असे लोक त्यांचे नाव घेऊन कात्री चालवत होते. मीही मनातून जरा फुगलोच होतो.

याच काळात बाईंच्या मामांना तशीच गाठ झाली. वडील लवकर गेल्यामुळे बाईंना या मामांनीच वाढवले होते. ते लांब पल्ल्याची बस चालवत. आडदांड, गप्पिष्ट, जेवणावर मनापासून प्रेम करणारे. गाठ अगदी खाली होती. जुना नियम असता तर पिशवी ठरलेली होती. घरच्या माणसावर शस्त्रक्रिया करायचे धाडस बाईंना झाले नाही. ती थोरल्या सरांनी केली, बाईंच्याच पद्धतीने, आणि बाई शेजारी उभ्या राहिल्या. जोडणी सुरेख झाली. बाई खोलीत परत आल्या आणि टेबलावर डोके ठेवून खूप वेळ रडल्या. आनंदाने रडणारे माणूस मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिले.

व्याख्यान नसेल तेव्हा मी बाईंच्या तपासणीच्या खोलीत कपाटावर बसलेला असे. शस्त्रक्रिया झालेली माणसे वर्षातून दोनदा तिथे येत. थोरले सर पुढे, त्यांच्यामागे बाई, दोघांच्या मागे उभे असलेले शिकाऊ डॉक्टर, दार सताड उघडे. सर पेन हातात घेऊन उभ्याउभ्याच विचारत, "गाठ परत नाही. पिशवी नाही ना? कसं आहे?" समोरचे माणूस म्हणे, "बरं आहे, डॉक्टर." सर म्हणत, "झकास," आणि त्या माणसाची गणती "उत्तम" या रकान्यात होई. मामाही असेच येऊन "बरं आहे" म्हणून जात. बाई त्यांच्या पाठीवर थाप मारत आणि पुढच्याला आत बोलावत. माझ्या ट्रेमधल्या शेवटच्या स्लाइडवर "उत्तम" हा हिरवा स्तंभ वर्षागणिक उंच होत गेला.

मग बाईंना एक मोठा पुरस्कार मिळाला. सोहळ्याला सगळे आले, मामा मात्र आले नाहीत. गुडघा दुखतोय, असा निरोप आला. बाईंना ते फार लागले. पुढच्याच रविवारी दुपारी मला पेटीत घालून त्या मामांच्या घरी जाऊन थडकल्या. मामा येत नाहीत तर सोहळा मामांकडे, असा त्यांचा हिशेब.

जेवणे झाली. मामींनी पडदे ओढले आणि भिंतीवर पांढरी चादर टांगली. बाईंनी दिवा लावला. आतड्याचा पहिला तुकडा चादरीवर उमटला तशा मामी म्हणाल्या, "बरं झालं बाई, हे जेवणाआधी नाही दाखवलंस." सगळे हसले. मामाही हसले आणि उठले. "चालू दे, आलोच," म्हणून आत गेले. बाई थांबल्या. मामा परत आले, दोन स्लाइड्स झाल्या, आणि ते पुन्हा उठले. परत आले, पुन्हा बसले. शेवटची स्लाइड चादरीवर आली आणि मामा तिसऱ्यांदा उठले.

बाईंचा पारा चढला. "मामा, कंटाळा आला असेल तर तसं सांग ना सरळ."

मामा थांबलेच नाहीत. दोन्ही हातांनी पट्टा धरून ते जवळजवळ धावत आत गेले. संडासाचे दार आपटल्याचा आवाज झाला. अंधारात फक्त माझा पंखा घरघरत होता.

"कंटाळा नाही गं, ठकू," मामी हळूच म्हणाल्या. बाईंना घरात ठकू म्हणत. "जेवणानंतर हे असंच असतं. आलं म्हणजे आलं, थांबवता येत नाही. म्हणून तर बस सोडली. डोळे दमले असं तुला सांगितलं, पण डोळ्यांना काही झालेलं नाही. कुठे जायचं म्हटलं की आदल्या दिवसापासून जेवत नाहीत. तुझ्या कार्यक्रमालाही निघाले होते. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले, कपडे बदलायला."

मित्रांनो, आतड्याचे ते शेवटचे टोक म्हणजे साठवणीची जागा असते. ती काढून वरचे आतडे खाली जोडले की वाट सुरू राहते, पण साठवायला जागा उरत नाही. बाईंना हे पुस्तकातून ठाऊक होते. काही महिन्यांत शरीर सावरते, असेही पुस्तकात लिहिलेले होते. मामांच्या शस्त्रक्रियेला तर कित्येक वर्षे लोटली होती.

एक स्लाइड दिव्यासमोर फार वेळ राहिली तर ती तापून वाकते आणि चित्र धूसर होते. चादरीवरचा हिरवा स्तंभ तसा धूसर झाला, पण बाईंचे तिकडे लक्ष नव्हते. त्यांनी हात माझ्या पत्र्यावर टेकला होता. तो भाजत असणार, तरी त्यांनी उचलला नाही. मला त्या वेळी फार वाईट वाटले आणि मला काहीच करता येत नव्हते.

मामा परत आले. बाईंनी विचारले, "मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे?"

"दर वेळी विचारलं, मामा. कसं आहे म्हणून."

"ते होय," मामा खुर्चीत बसत म्हणाले. "दार उघडं, मागे पोरापोरींची रांग, तुझे सर पेन घेऊन उभे. पिशवी नाही ना? नाही. मग झकास. त्यात मी काय सांगणार, इथे येताना टॅक्सी दोनदा थांबवली म्हणून? आणि तू इतकी खुश असायचीस."

बाईंनी माझ्या पत्र्यावरचा हात उचलला. मग म्हणाल्या, "पण तुला पिशवी नकोच होती ना?"

"नकोच होती. पिशवी लागली म्हणजे संपलं, असंच सगळे म्हणत होते. तूही म्हणत होतीस. दुसऱ्या बाजूला हे असू शकतं, हे कुणी बोललंच नाही. दोन्ही सांगितलं असतंत, तर मी काय म्हटलं असतं ते मलाही माहीत नाही. पण विचार तरी केला असता."

दुसऱ्या दिवशी बाईंनी तपासणीच्या खोलीत आणखी एक खुर्ची आणली. शिकाऊ डॉक्टरांना बाहेर बसवले, दार लावले आणि येणाऱ्या माणसाच्या शेजारी बसून त्या विचारू लागल्या, "घरातून बाहेर पडायच्या आधी तुम्हाला काय काय करावं लागतं?" कपाटावर बसून मी ती उत्तरे ऐकली. एक शिक्षिका शाळा सुटेपर्यंत पाणीसुद्धा पीत नसत. एक शिंपी दुकान सोडून घरी मशीन घेऊन बसला होता. एका आजोबांनी नातीला बागेत न्यायचे बंद केले होते आणि नातीला वाटत होते, आजोबा रागावले आहेत. सगळेच असे नव्हते. काहींचे खरोखर झकास चालले होते आणि ते बाईंना दुवा देत होते. पण "उत्तम" म्हणून मोजलेल्या माणसांपैकी निम्म्याहून जास्त जण घरात अडकून पडले होते. सगळ्यांनी आजवर "बरं आहे" असेच सांगितले होते.

बाईंनी याची नवी स्लाइड करून घेतली. ती बघून थोरले सर खोलीत आले आणि त्यांनी स्वतः दार लावले.

"ही स्लाइड काढ," ते म्हणाले.

"नाही काढणार, सर."

"पुढच्या महिन्यात परिषद आहे. आपली पद्धत सगळीकडे नियम म्हणून लागू व्हायची आहे. आणि तू तिथे उभी राहून सांगणार, आमच्या पेशंटना संडासाला पळावं लागतं? ही माणसं जिवंत आहेत. त्यांची गाठ परत आलेली नाही. आणखी काय पाहिजे?"

"तेच मला माहीत नाही. आपण त्यांना विचारलंच नाही."

"तुझ्या मामांची जोडणी या हातांनी केलीय मी. एक टाका चुकलेला नाही."

"टाका नाहीच चुकला, सर. तुम्ही एकदा त्यांच्याजवळ जाऊन बसा."

सरांचा चेहरा उतरला. "आयुष्यभराची मेहनत स्वतःच्या हाताने पाण्यात घालते आहेस," एवढे म्हणून ते निघून गेले. त्यानंतर दोघांचे बोलणे बंद झाले. बाईंना सरांचा धाक होता, आणि त्याहून जास्त माया होती. त्या आठवड्यात त्यांनी ती स्लाइड दोनदा ट्रेमधून काढली आणि दोनदा परत ठेवली.

तेवढ्यात मामा रुग्णालयात आले. "ठकू, मला पिशवी लावून दे," ते म्हणाले. "मी दोन-चार जणांना भेटून आलो, पिशवीवाल्यांना. त्यातला एक पोहायला जातो." सरांनी आपली जोडणी उघडायला नकार दिला. मग बाईंनी स्वतः ती शस्त्रक्रिया केली. माणसांची पिशवी टळावी म्हणून ज्यांनी उमर घालवली, त्यांनी आपल्याच मामांच्या पोटावर छिद्र केले. ते करताना त्यांना काय वाटले, ते मला सांगता येणार नाही. शस्त्रक्रियागृहात मला नेत नसत.

परिषदेचा दिवस उजाडला. एवढे मोठे सभागृह मी आजवर पाहिले नव्हते. व्याख्यानाचा पहिला भाग सगळ्यांच्या ओळखीचा होता. फळी, पट्टी, नखाएवढे अंतर. टाळ्या पडल्या. मग बाईंनी बटण दाबले आणि मी ती नवी स्लाइड पुढे सरकवली. ती वाकू नये म्हणून मी माझा पंखा जिवाच्या आकांताने फिरवत होतो.

बाईंनी सगळे सांगितले. मामांचे नाते लपवले नाही, उघड्या दाराचे सांगितले, उभ्याने विचारलेल्या प्रश्नाचेही सांगितले. शेवटी ते जाडजूड सर्जन उठले. या वेळी ते हसत नव्हते.

"मग आम्ही करायचं काय? परत चार बोटं?"

"नाही," बाई म्हणाल्या. "मोजमाप बरोबर आहे, त्यावर मी ठाम आहे. पण पिशवी टळली म्हणजे माणूस बरा झाला, हे मी गृहीत धरलं. ते मोजलेलं नव्हतं. दोन्हीकडचं खरं खरं सांगा आणि मग पेशंटला ठरवू द्या. आणि नंतरही विचारत राहा."

टाळ्या फार पडल्या नाहीत. काही जण मधूनच उठून गेले. त्या दिवशी नियम झाला नाही.

मामा तिसऱ्या रांगेत मामींच्या शेजारी बसले होते. सकाळी पोटभर खाऊन, बसने, खिडकीजवळच्या सीटवर बसून ते आले होते. व्याख्यान संपेपर्यंत ते जागचे हलले नाहीत.

सभागृह रिकामे होऊ लागले. थोरले सर मान खाली घालून दाराकडे निघाले होते. मामांच्या रांगेशी येऊन ते थबकले आणि सवयीने म्हणाले, "कसं आहे?"

"बरं आहे, डॉक्टर," मामाही सवयीने म्हणाले.

सर तसेच उभे राहिले. मग मामांच्या शेजारची खुर्ची उघडून ते बसले. त्यांना इतक्या जवळ बसलेले मामांनी कधी पाहिले नसावे, कारण ते थोडे सरकले.

"असं नाही," सर म्हणाले. "माझी जोडणी होती तेव्हा कसं होतं, ते सांगा. पहिल्यापासून सांगा."

मामांनी एकदा बाईंकडे पाहिले आणि सांगायला सुरुवात केली. बाई माझी वायर हातात घेऊन दोन खुर्च्या सोडून बसून राहिल्या. त्यांनी माझा दिवा बंद केला होता, पण पोट निवेपर्यंत माझा पंखा चालूच ठेवावा लागतो, म्हणून मीही ऐकत होतो. सफाईवाले आले, त्यांनी सगळे दिवे लावले, पेले गोळा केले. तरी मामा अजून पहिल्याच वर्षाचे सांगत होते, आणि थोरले सर रडत होते.

मित्रांनो, पुढचे थोडक्यात सांगतो. बाईंना येणारी आमंत्रणे काही वर्षे कमी झाली. मग हळूहळू त्यांनी केलेले प्रश्न दूरदूरच्या रुग्णालयांत विचारले जाऊ लागले. आमचे शिकाऊ डॉक्टर त्यांना मामांचे प्रश्न म्हणत. बाईंची शस्त्रक्रिया आजही होते, पण आधी माणसाला समोर बसवून विचारले जाते. मामा बरीच वर्षे जगले, आपल्या जुन्या मार्गाच्या बसमध्ये शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन नव्या चालकाच्या चुका काढून आले, आणि मग एका दुपारी शांतपणे गेले. बाई निवृत्त झाल्या. जाताना त्यांनी माझी भिंगे शेवटची पुसली.

आता माझा दिवा गेला आहे आणि तसा दिवा कुठे मिळत नाही. मला पुसा, मला जपा, असे मी म्हणणार नाही; माझे काम झाले. पण तुमच्या घरात, शेजारी, वर्गात कुणीतरी "बरं आहे" असे म्हणत असेल. ते ऐकून उभ्याउभ्या पुढे जाऊ नका. दार लावा, शेजारी बसा आणि पुन्हा विचारा. आणि विचारल्यावर घाई करू नका, कारण सांगणाऱ्याला सुरुवात करायलाच वेळ लागतो.